एका अंड्याचा चीजकेक

परवा एका कॅफेच्या मेन्यूकार्डावर चीजकेकखाली बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं : 'ऑलिंपिकवीरांचा आहार, २८०० वर्षांची परंपरा'. इ.स.पू. ७७६च्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना ताकदीसाठी चीजकेक देत, ही गोष्ट इंटरनेटवर जो तो दुसऱ्याचं बघून लिहितो. त्या काळातला पुरावा मात्र कुणी दाखवत नाही. ग्रीक लोक चीज-मधाचे केक करत, यात शंका नाही, इ.स. २००च्या सुमाराचा ग्रीक लेखक अथेनियस त्यांची लांबलचक यादी देतो. पण वजनमापासकट कृती हवी असेल, तर रोमच्या केटोकडे जावं लागतं.

हा करडा राजकारणी. इ.स.पू. १६०च्या सुमारास त्याने शेतीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात केकही घातले. त्यातल्या एकाचं नाव प्लॅसेंटा. १५५९मध्ये रेआल्दो कोलंबो या शरीरशास्त्रज्ञाने तेच नाव गर्भाला पोसणाऱ्या वारेला दिलं, आकार चपट्या केकसारखा म्हणून!

मला आवडतो तो केटोचा दुसरा केक, 'साविल्लुम'. अडीच पौंड चीज, अर्धा पौंड पीठ, पाव पौंड मध, एक अंडं. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा, म्हणजे सव्वाआठशे ग्रॅम चीजला एकच अंडं. आज एवढ्या क्रीम चीजला आपण चार-पाच अंडी फोडतो. मग रोमन केक उभा कशावर राहायचा?

आधी चीजचं बघू. दुधात केसीन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्या अंगावर केसांसारखी लव असते आणि ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. लिंबू पिळलं की सामू (pH, आम्लतेचं माप) ४.६च्या आसपास येतो, भार संपतो आणि दूध नासतं. रोमन लोक कोकराच्या जठरातलं रेनेट हे दूध गोठवणारं विकर वापरत. ते सरळ त्या गोळ्यांची हजामत करतं. लव गेली की गोळे कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना धरतात. असं चीज पिठासारखं बारीक वाटलं तरी ते आधीच गोठलेलं असतं, भट्टीत नव्याने फारसं बांधलं जात नाही.

अंड्याचं उलट. त्यातली प्रथिनं म्हणजे गुंडाळलेले दोरे. उष्णतेने ते उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि जाळ्यात पाणी धरतात. केकचा मध्य ६५ ते ७० अंशांवर आला की काम झालं. त्यापुढे तापवलं की जाळं आवळतं, पाणी पिळून निघतं. कडा भांड्याला चिकटलेल्या, मधला भाग आक्रसणारा, म्हणून निवताना मधोमध भेग पडते. माझ्या पहिल्या केकला पडलेली भेग एखाद्या दरीसारखी होती.

पिठातला स्टार्च इथे मध्ये पडतो. त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि प्रथिनांना फार जवळ येऊ देत नाहीत. केटोच्या केकची बांधणी अशी मुख्यतः पिठाची, अंडं नावाला. त्यामुळे चुलीवर तापमान वरखाली झालं तरी निभावत असणार. वर मातीचं झाकण, म्हणजे वाफ आतच. आपल्या कोकणात धोंडस वर-खाली निखारे ठेवून भाजतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही भट्टी ओळखीची वाटेल. तरीही केटो बजावतो : मधोमध, जिथे थर सगळ्यांत जाड, तिथे नीट शिजलंय ना ते बघा. मग वर मध, खसखस, पुन्हा थोडा वेळ झाकण, आणि चमच्यासह वाढा.

आजचा मऊसूत प्रकार बराच अलीकडचा. त्याचं क्रीम चीज १८७२च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम लॉरेन्सने बाजारात आणलं. पीठ घटलं, अंडी वाढली, आणि भेगेची धास्ती आली. म्हणून तर लोक टिन गरम पाण्याच्या परातीत ठेवतात.

दुसऱ्या खेपेला मी चक्क्यात तीन चमचे मैदा घातला. भेग पडली नाही. घरच्यांनी मात्र एका घासात ओळखलं, "पिठूळ लागतोय."