टीबी तेवढेच, मग सर्व्हरची डिस्क महाग का?

कोटेशन हातात पडलं की मोंढ्यातले आमचे बहुतेक ग्राहक एकाच ओळीवर बोट ठेवतात. "ही पण चार टीबी, ती पण चार टीबी. मग हिला एवढे पैसे जास्त कशाचे?" प्रश्न रास्त आहे. पैसे तुमचे आहेत, तेव्हा उत्तरही नीट मिळायला हवं. लातूर, उदगीर, अंबाजोगाई भागातल्या आडत दुकानांत, डाळ मिलमध्ये, पतसंस्थांत आणि दवाखान्यांत आम्ही सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा डेटा सांभाळणारा मुख्य कॉम्प्युटर, बसवतो. तिथे जे पाहिलं तेच इथे सांगतोय.

सोयाबीनचा हंगाम होता. ऐन पट्ट्या काढायच्या वेळी एका आडत दुकानाचा सर्व्हर अडकला. त्यात दोन डिस्क, दोन्हींवर एकच डेटा, म्हणजे मिररिंग. त्यातली एक 'फेल' दाखवत होती. बाहेर शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभे, हमालांचा हिशोबही थांबलेला. डिस्क काढून आणली, रात्रभर तपासली. एक बारीकशी जागा वाचायला जड जात होती, बाकी डिस्क ठणठणीत. मग सर्व्हरने तिला बाहेर का काढलं?

घरच्या कॉम्प्युटरची डिस्क एखादी जागा वाचता आली नाही की पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, कधी कधी अर्धा-एक मिनिटसुद्धा. घरी ते बरोबरच आहे, कारण तिथे बहुधा दुसरी प्रत नसते; लेकराबाळांचे फोटो वाचवायचे तर तिने झगडायलाच हवं. सर्व्हरमध्ये मात्र अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा सांभाळतात, त्याला रेड म्हणतात, आणि त्या सगळ्यांवर रेड कंट्रोलर लक्ष ठेवून असतो. तो ठरावीक सेकंदच वाट बघतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर डिस्क मेली असं धरून तिला बाजूला करतो. सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत प्रयत्न थांबवते आणि 'ही जागा वाचता येत नाही' असं कळवते. कंट्रोलर तो तुकडा जोडीच्या डिस्कवरून घेतो, पुन्हा लिहून ठेवतो, आणि पट्ट्या चालू राहतात.

हा फरक फर्मवेअरमधला, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधला आहे, डिस्क हातात धरून तो दिसत नाही. त्या दुकानात साधी डिस्क आम्हीच लावली होती, खर्च कमी ठेवा असा आग्रह होता म्हणून. तेव्हापासून रेड असलेल्या सर्व्हरमध्ये साधी डिस्क आम्ही लावत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी.

दुसरी गोष्ट डिस्क बदलतानाची. चार टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये आहेत, म्हणजे एक गेली तरी बाकीच्यांवरून डेटा परत मिळेल अशा मांडणीत, आणि त्यातली एक गेली असं समजा. नवी भरायला उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. बऱ्याच साध्या डिस्कच्या माहितीत लिहिलेलं असतं की फार तर १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना एखादी जागा वाचता येणार नाही. ते होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात चुका यापेक्षा कमीच होतात, पण कंपनीची हमी तेवढीच. सर्व्हर डिस्कला हा आकडा दहापट, म्हणजे १२५ टीबी.

कामाचे तासही पाहा. काही साध्या डिस्क वर्षाला २,४०० तास धरून बनवलेल्या असतात, रोज आठ तास आणि तीनशे दिवस. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू. वाचणं-लिहिणं मिळून साध्या डिस्कला वर्षाला ५५ टीबीची मर्यादा असते, मोठ्या सर्व्हर डिस्कला ५५० टीबी. रोज रात्री पूर्ण बॅकअप घेणाऱ्या पतसंस्थेला ५५ टीबी पुरतीलच असं नाही.

शेजारच्या डिस्क आणि पंख्यांची थरथरही असतेच. सर्व्हर डिस्कमध्ये ती ओळखणारे सेन्सर असतात, आणि त्यानुसार वाचणारं-लिहिणारं हेड सावरलं जातं.

स्वस्त मोठ्या डिस्कमध्ये आणखी एक मेख असते. काहींत ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिण्याच्या गोल रेघा, कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. कौलारू छपरातलं मधलं कौल बदलायचं तर आजूबाजूची उचलावी लागतात, तसं इथे एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. रेडमध्ये नवी डिस्क भरताना असा माल फार रखडतो.

माहितीपत्रकात '२५ लाख तास' वाचून काहींना वाटतं, डिस्क २८५ वर्षं चालेल. तसं नाही. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर तीन-चार बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हर डिस्कला बहुधा पाच वर्षांची वॉरंटी असते, साध्या डिस्कला बहुधा दोन. पण वॉरंटीत डिस्क मिळते, डेटा मिळत नाही.

एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, घेणार असाल तर लोडशेडिंगचा विचार आधी करा. सर्व्हरच्या चांगल्या एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली की तेवढ्या साठ्यावर हातातलं लिखाण पूर्ण करून ती बंद होते. साध्या एसएसडीत बहुधा ही सोय नसते, आणि टॅलीची फाइल अर्धवट लिहिली गेली की काय होतं ते आपल्याकडे अनेकांनी भोगलंय.

हे सगळं प्रत्येकाला लागतंच असं नाही. एकाच कॉम्प्युटरवर बिलिंग असेल तर साधी डिस्क घ्या, वाचलेल्या पैशांत यूपीएस आणि बॅकअपसाठी बाहेरची एक डिस्क घ्या. तीन-चार मशीनचं छोटं ऑफिस असेल तर नॅससाठीची, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना फाइल देणाऱ्या छोट्या पेटीसाठीची डिस्क पुरते, मर्यादा साधारण वर्षाला १८० टीबी आणि वॉरंटी बहुधा तीन वर्षांची. कॅमेऱ्यांसाठी वेगळी डिस्क मिळते, ती सर्व्हरमध्ये घालू नका. आणि सर्व्हर डिस्क घेतली म्हणून बॅकअप बंद करू नका. चुकून पुसलेली फाइल मिररिंगमध्ये दोन्हीकडून पुसली जाते.

कोटेशन कोणाकडूनही घ्या, त्यात नुसतं '४ टीबी' नको, डिस्कचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. तो घेऊन आमच्याकडे आलात तर ती कोणत्या कामासाठी बनवली आहे ते तुमच्यासमोर काढून दाखवू. खरेदी दुसरीकडून केलीत तरी चालेल.