बिनतारी माऊसची बॅटरी किती उरली आहे, ते कसे ओळखावे

आमच्याकडून बिनतारी माऊस नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकासाठी हे पत्रक आहे. माऊस दुसरीकडून घेतला असला तरी यातली माहिती लागू पडेल. नवा सेल आणायला बाजारात जाण्याआधी दोन मिनिटे काढून हे वाचा. पुष्कळदा दोष सेलचा नसतोच.

आधी जोडणी कोणती ते पाहा

संगणकाच्या यूएसबी खाचेत नखाएवढा डोंगल (माऊसचा संदेश पकडणारा तुकडा) लावावा लागत असेल तर माऊस 2.4 गिगाहर्ट्झ रेडिओवर चालतो. डोंगल न लावता चालत असेल तर तो ब्लूटूथवर आहे. काही मॉडेलांत दोन्ही सोयी असतात आणि त्या बदलण्याचे बटण पोटाकडे असते. हे आधी पाहायचे, कारण बॅटरीचा आकडा कुठे मिळेल ते यावरच ठरते.

ब्लूटूथ माऊससाठी विंडोज 11 मध्ये विंडोज आणि आय ही बटणे एकत्र दाबा व ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ उघडा. माऊसच्या नावाजवळ टक्केवारी दिसते. विंडोज 10 मध्ये ‘डिव्हायसेस’मधल्या ‘ब्लूटूथ अँड अदर डिव्हायसेस’मध्ये पाहा. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधले ‘ब्लूटूथ’ उघडले की पुरते. कमी उर्जेच्या ब्लूटूथमध्ये बॅटरी 0 ते 100 अशा आकड्यात कळवण्याची ठरलेली पद्धत आहे, पण माऊस बनवणाऱ्याने ती वापरलेली असावी लागते. तिथे आकडा नसेल तर तुमचे काही चुकलेले नाही, माऊसच तो पाठवत नाही.

डोंगलवाल्या माऊसचे तसे नाही. विंडोजला डोंगल म्हणजे यूएसबीला लावलेला साधा माऊस वाटतो आणि बॅटरीचा पत्ताच लागत नाही. तिथे कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर लागते. लॉजिटेकसाठी ‘ऑप्शन्स प्लस’ आणि त्यांच्या गेमिंग माऊससाठी ‘जी हब’ आहे. लिनक्सवर लॉजिटेकचा माऊस असेल तर ‘सोलार’ हा मोफत प्रोग्राम हे काम करतो. सगळ्यात स्वस्त मॉडेलांत ही सोय सहसा नसते. तिथे वरचा छोटा दिवा लाल लुकलुकतो का, एवढीच खूण. दिवाही नसेल तर मल्टिमीटर, म्हणजे सेलचे व्होल्ट मोजायचे यंत्र.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टास्कबारच्या कोपऱ्यातले बॅटरीचे चिन्ह लॅपटॉपचे असते, माऊसचे नव्हे. विंडोजच्या ‘पॉवरसीएफजी’ या कमांडचा बॅटरी रिपोर्टसुद्धा फक्त लॅपटॉपचीच माहिती देतो.

टक्केवारी हा अंदाज असतो

माऊस सेलमधली शिल्लक मोजत नाही. तो व्होल्ट पाहतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. नव्या अल्कलाइन सेलला सुमारे 1.6 व्होल्ट असतात आणि वापराबरोबर ते हळूहळू उतरत जातात. म्हणून अल्कलाइनवर आकडा बऱ्यापैकी खरा निघतो. रिचार्जेबल निकेल सेल मात्र जवळपास सगळा वेळ 1.2 व्होल्टच्या आसपास राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे चार्जरमधून नुकताच काढलेला चांगला सेलही ‘अर्धा संपला’ असा दिसतो, आणि नंतर इशारा न देता माऊस बंद पडतो. लिथियमचा पेन्सिल सेल उलट फसवतो. तो जवळजवळ अखेरपर्यंत भरलेला दिसतो.

मल्टिमीटरवर अल्कलाइन 1.5 किंवा जास्त दाखवत असेल तर निश्चिंत राहा. 1.2 ते 1.3 म्हणजे निम्मा किंवा त्याहून अधिक खर्च झालेला. 1.1 च्या खाली गेला की बदला. निकेल सेल 1.0 व्होल्टला संपला असे धरून चार्जिंगला लावा. जुना सेल बाहेर काढल्यावर 1.4 दाखवतो आणि माऊसमध्ये घालताच ढेपाळतो, असेही होते. त्याचा आतला रोध वाढलेला असतो. शंका असेल तर नवा सेल घालून पाहणे हीच खरी परीक्षा.

सेल टेबलावर उभा सोडून उसळतो का, हेही बरेच जण पाहतात. 2015 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ही युक्ती तपासली. सेल अर्ध्यावर येईपर्यंत उसळी वाढत जाते आणि पुढे तेवढीच राहते. म्हणजे उसळणारा सेल ताजा नाही एवढेच कळते, तो संपला असे नव्हे. असे कितीतरी चांगले सेल फुकट टाकले जातात.

आपल्याकडची हवा

गोव्यात कळंगुट, बाणावली, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या भागात खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल मिळून सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगवर गंज किंवा हिरवट थर चढवतात. थर चढला की नवा सेलही ‘कमी’ दाखवतो. सेल काढा, स्प्रिंग आणि समोरची पट्टी पाहा. हलका थर असेल तर पेन्सिलचा खोडरबर घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा.

पांढरी, खडबडीत पूड दिसली तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. तो द्रव क्षारयुक्त असतो आणि कातडीला झोंबतो, म्हणून हातमोजे घाला. कानकाडीवर थोडे व्हिनेगर घ्या. पांढरे नसेल तर घरचे माडाचेही चालते, लिंबाचा रसही चालतो. फेस येऊन पूड सुटली की ओल्या कानकाडीने, मग अल्कोहोलने पुसा आणि रात्रभर वाळू द्या. ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले स्वस्त सेल गळतात तेव्हा द्रव आम्लयुक्त असतो. तिथे व्हिनेगर नको, पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा वापरा. या सेलमध्ये जस्ताचा बाहेरचा डबाच झिजत जातो, म्हणून ते लवकर गळतात. माऊसमध्ये ते घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चवथीची लांब सुटी किंवा शाळेची सुटी असेल तर पोटाकडचे चालू-बंदचे बटण बंद करा. महिन्याहून जास्त वापर नसेल तर सेल काढूनच ठेवा. दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच जातीचे बदला. जुन्या-नव्याच्या जोडीत जुना पूर्ण रिकामा होतो आणि गळतो.

बॅटरी चांगली, तरी कर्सर अडखळतो

डोंगल संगणकाच्या मागे निळ्या यूएसबी 3.0 खाचेत किंवा तिथल्या हार्ड डिस्कशेजारी आहे का? यूएसबी 3.0 चा रेडिओ गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने 2012 साली यावर माहितीपत्रच काढले होते. डोंगल पुढच्या खाचेत लावा किंवा यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन टेबलावर आणा. काचेच्या किंवा चकचकीत टेबलावरही कर्सर उड्या मारतो. खाली साधा कागद ठेवून पाहा.

आत बॅटरी असलेला माऊस चार्ज होत असताना आकडा चढा दिसतो, तो वायर काढल्यावर वाचा. चार्ज होत नसेल तर आधी वायर बदला. खालचा भाग फुगला असेल किंवा झाकण उचलले जात असेल तर चार्जिंग लगेच थांबवा, दाबू नका, टोचू नका.

संपलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत हे लहान सेलही येतात. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवा.

माऊस आमच्याकडे तपासायला आणाल तेव्हा डोंगलही आणा. तो त्या माऊसशी जोडलेला असतो, दुसऱ्या डोंगलवर आम्हाला तपासता येत नाही. बऱ्याच मॉडेलांत सेलच्या झाकणाखाली तो ठेवायची जागा असते.