महिला आशिया चषक फुटबॉल : पात्रता फेरी

आशियाई फुटबॉल महासंघाच्या महिला आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठी राष्ट्रीय संघांना खेळावी लागणारी साखळी. मूळ स्पर्धा 1975 मध्ये हाँगकाँगला सुरू झाली. तेव्हा ती आशियाई महिला फुटबॉल महासंघ ही स्वतंत्र संस्था भरवी. 1986 मध्ये ही संस्था आशियाई महासंघात विलीन झाली. भारत उपविजेता ठरलेल्या कालिकतच्या स्पर्धेचे वर्ष काही याद्यांत 1979, तर काहींत 1980 असे आढळते. येथे 1980 ग्राह्य धरले आहे. 1983 मध्येही भारत उपविजेता होता.

2026 च्या स्पर्धेसाठी यजमान ऑस्ट्रेलिया आणि 2022 मधील पहिले तीन संघ (चीन, दक्षिण कोरिया, जपान) यांना थेट प्रवेश होता. उरलेल्या 8 जागांसाठी 34 संघ 8 गटांत खेळले. प्रत्येक गट एकाच देशात, एकेरी साखळी, आणि फक्त गटविजेता पुढे. त्यामुळे एक पराभवही बहुधा महागात पडतो.

गुण समान झाल्यास काय, याबाबत क्रिकेटच्या नेट रनरेटला सरावलेला नाशिककर हमखास चुकतो. आधी एकूण गोलफरक पाहत नाहीत. बरोबरीतल्या संघांचे आपसातील गुण, मग आपसातील गोलफरक, मग आपसातील गोल असा क्रम लागतो. यांतूनही निकाल न लागल्यास गटातील एकूण गोलफरक आणि एकूण गोल येतात. एप्रिल 2017 मध्ये प्याँगयांगला दोन्ही कोरियांचा सामना 1-1 सुटला. आपसातले सारे समान राहिल्याने दक्षिण कोरिया एकूण गोलफरकावर (+20 विरुद्ध +17) पात्र ठरला. दुबळ्या संघाविरुद्ध आघाडी मिळाल्यावर हात आखडता घेणे अंगलट येते ते यामुळेच. त्याच गटात भारत दक्षिण कोरियाकडून 0-10 असा हरला होता.

एकूण गोलही सारखे असतील आणि ते दोनच संघ शेवटच्या फेरीत समोरासमोर असतील, तर सामना बरोबरीत सुटताच मैदानावरच पेनल्टी शूटआउट होतो. एरवी कार्डांचे गुण (पिवळ्याला 1, थेट लाल कार्डाला 3) आणि अखेर चिठ्ठ्या. 5 जुलै 2025 रोजी थायलंडमधील चियांग माईत, भारत-थायलंड या गटातील शेवटच्या सामन्यात, शूटआउटचीच वेळ येऊ घातली होती. त्याआधी भारताने मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0 आणि इराकला 5-0 हरवले होते. थायलंडचेही 9 गुण आणि गोल 22-0 असेच होते. संगीता बसफोरच्या दोन गोलांनी भारत 2-1 जिंकला आणि पात्रता फेरीतून प्रथमच मुख्य स्पर्धेत पोहोचला. 2022 मध्ये तो यजमान म्हणून थेट आत होता. मात्र करोनाबाधेमुळे चिनी तैपेईविरुद्ध (तैवानचा संघ) किमान 13 खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि संघ बाहेर पडला. त्या वेळचे सामने नवी मुंबई, मुंबई व पुण्यात झाले; नाशिकच्या इतक्या जवळ ही स्पर्धा पूर्वी आली नव्हती.

महाराष्ट्रातील खेळाडूचा राष्ट्रीय शिबिरापर्यंतचा एक मार्ग राज्य संघातून, म्हणजे राजमाता जिजाबाई करंडक या राज्य संघांच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेतून जातो.