अल्टिमेट की अ‍ॅब्सोल्यूट?

“मामा, तुझ्याकडे अ‍ॅब्सोल्यूट स्पायडरमॅन आहे का?” असं भाचीने विचारलं, तेव्हा तिला काय हवंय ते मला लगेच कळलं. पण त्या नावाचं पुस्तकच नाही. अल्टिमेट हे मार्व्हलचं, अ‍ॅब्सोल्यूट हे डीसीचं; दोन अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांची ही दोन नवी कथाविश्वं. ठाण्यात आम्ही ज्या चार-पाच घरांत अंक फिरवतो तिथेही हा घोळ नेहमी होतो, आणि तो होणं साहजिक आहे. दोन्हींचे मासिक अंक २०२४ साली सुरू झाले, दोन्हींत ओळखीचे हिरो नव्याने पहिल्या अंकापासून भेटतात, आणि दोन्ही वाचायला जुन्या शेकडो अंकांचा इतिहास माहीत असावा लागत नाही. तरीही आतून ही दोन विश्वं अगदी वेगळी आहेत. माझ्या मते अल्टिमेटने हिरोंचा काळ चोरलाय, तर अ‍ॅब्सोल्यूटने त्यांचा आधार काढून घेतलाय.

आधी अल्टिमेट. ‘अल्टिमेट इन्व्हेजन’ ही चार अंकांची कथा २०२३मध्ये आली. त्यात मेकर नावाचा खलनायक एका नव्या पृथ्वीवर जातो आणि तिथले हिरो घडण्याआधीच त्यांची वाट अडवतो. कोळी चावायच्या वेळी चावत नाही, त्यामुळे स्पायडरमॅन होतच नाही. हा मेकर म्हणजे २०००मध्ये सुरू झालेल्या जुन्या अल्टिमेट विश्वातला बिघडलेला शास्त्रज्ञ-हिरो रीड रिचर्ड्स. ते जुनं विश्व २०१५मध्ये संपलं. दुकानात नुसतं ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ मागितलं तर शाळकरी पीटरचं ते जुनं पुस्तकही हातात पडू शकतं, म्हणून लेखकाचं नाव बघून घ्या. जुन्यावर ब्रायन मायकल बेंडिस असतं, नव्यावर जोनाथन हिकमन.

नव्यातला पीटर पस्तिशीचा आहे. मेरी जेनशी लग्न झालंय, दोन मुलं आहेत, बेनकाका जिवंत आहेत. आपल्या आयुष्यात काहीतरी राहून गेलंय ही रुखरुख त्याला आहे, पण ते नेमकं काय हे सांगता येत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी तो कोळी त्याच्यापर्यंत पोचतो आणि पीटर स्वतःहून चावून घेतो. जुन्या कथेत जो अपघात होता, तो इथे एका संसारी माणसाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. मला या एका बदलासाठी हिकमनला सलाम करावासा वाटतो.

चौथा अंक तर मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. पीटर, मेरी जेन, मित्र हॅरी ऑस्बॉर्न आणि हॅरीची बायको ग्वेन हॉटेलात जेवायला बसतात, आणि जवळजवळ अख्खा अंक त्या टेबलावरच घडतो. मारामारीची अपेक्षा ठेवून उघडणाऱ्याची निराशा होईल. पण कोण कोणाकडे बघतंय, कोण विषय बदलतंय, पैशांची गोष्ट निघाली की कोण गप्प होतंय, हे सगळं चेहऱ्यांवर वाचता येतं. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीत इतर अंक घणसोलीच्या आत संपतात. हा मात्र सानपाडा आलं तरी माझ्या हातातच असतो.

आता अ‍ॅब्सोल्यूट. इथे हिरो वेळेवर घडतात, पण हाताशी काहीच नसताना. या विश्वामागे डीसीचा महाखलनायक डार्कसाइड याची शक्ती आहे, म्हणून इथली हवाच हिरोंच्या विरुद्ध आहे. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’मधला ब्रूस श्रीमंत नाही. वाडा नाही, बटलर नाही. वडील शिक्षक होते, प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात गेले. आई मार्था जिवंत आहे. ब्रूस अभियंता आहे आणि लहानपणापासूनच्या मित्रांमध्ये वाढलाय. त्या मित्रांत हार्वे डेंट आणि वेलन जोन्ससारखी, जुन्या कथांत खलनायक होणारी नावं आहेत, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याची धास्ती जुन्या वाचकाला पहिल्या पानापासून लागते. जुन्या कथांतला बटलर आल्फ्रेड आहे, पण तो गुप्तहेर म्हणून दुरून त्याच्यावर नजर ठेवतो. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह उपटून ब्रूस त्याची कुऱ्हाड करतो, तेव्हा ड्रॅगोटाचं चित्र पानाच्या कडा फोडून बाहेर येतंय असं वाटतं. आणि पैसा सगळा जोकरकडे! वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या शेडांशेजारी लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला हा बॅटमॅन पटकन आपला वाटतो. बेन (Bane) या खलनायकाची कथा मात्र मला जड गेली. तिथे क्रौर्य गोष्टीपेक्षा मोठं होतं.

जेसन ॲरनच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’मध्ये काल-एलचे, म्हणजे सुपरमॅनचे, आईवडील क्रिप्टॉन या त्याच्या मूळ ग्रहावरचे कष्टकरी आहेत. तो बाळ असताना नव्हे, जाणत्या वयात घर गमावतो, त्यामुळे त्याला सगळं आठवतं. पृथ्वीवर तो पहिल्यांदा भेटतो तो ब्राझीलच्या खाणीत, मजुरांच्या बाजूने उभा. केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची वंडर वुमन नरकात, ग्रीक पुराणातल्या जादूगारीण सर्सीच्या हाताखाली वाढते. पंखवाला घोडासुद्धा नुसत्या हाडांचा. तरीही तिन्हींत सर्वांत मायाळू तीच आहे, आणि मला तिचेच अंक सर्वाधिक आवडतात.

वाचायची पद्धतही दोन्हीकडे निराळी. अल्टिमेटमध्ये एक अंक म्हणजे कथेतला एक महिना. मेकर आपल्या बंद शहरातून दोन वर्षांनी बाहेर येणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे सगळ्या मालिका एकाच मुदतीकडे सरकतात. म्हणूनच २०२५मध्ये मार्व्हलने हे विश्व आटोपतं घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. ठरल्या वेळी संपणारी गोष्ट या धंद्यात दुर्मिळ आहे. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये अशी मुदत नाही. बॅटमॅन न वाचता वंडर वुमन खुशाल वाचा, काही अडत नाही.

लेखक डेनिझ कॅम्पने दोन्हीकडे लिहिलंय. त्याचा ‘द अल्टिमेट्स’ बंडखोरांची टोळी कशी बांधली जाते ते दाखवतो. ‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शन मॅनहंटर’मध्ये एका एफबीआय अधिकाऱ्याच्या डोक्यात मंगळवासी येऊन बसतो आणि माणसांचे विचार रंगीत धुरासारखे दिसू लागतात. हाविएर रॉड्रिगेझचे ते रंग मोबाइलच्या पडद्यावर वाया जातात, शक्य असेल तर छापील घ्या.

घेताना एक सावधगिरी. डीसीच्या जाडजूड, खोक्यात येणाऱ्या महागड्या आवृत्त्यांनाही अनेक वर्षांपासून ‘अ‍ॅब्सोल्यूट’च म्हणतात. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन: द लाँग हॅलोवीन’ ही तशी जुन्या कथेची आवृत्ती आहे, नव्या विश्वाशी तिचा संबंध नाही. सुटा अंक परदेशात साधारण ४-५ डॉलरला पडतो, इथे मागवला तर आणखी चढतो. त्यापेक्षा साधारण सहा अंकांचा पहिला खंड बरा. भाचीला मी ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चा पहिला खंड दिलाय. अ‍ॅब्सोल्यूटमधलं तिने स्वतःहून मागितलं तर आधी वंडर वुमन देईन, आणि बॅटमॅन ती कॉलेजात गेल्यावर.