पोथीपासून ‘अक्करमाशी’पर्यंत : रडवणाऱ्या पुस्तकांची सोलापुरी पार्श्वभूमी

रडवणारं मराठी पुस्तक म्हटलं की ‘श्यामची आई’च आठवते. पण पुस्तकापायी डोळे पुसायची सवय त्याच्या फार आधीची, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर ती कानांनी लागलेली आहे.

सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे श्रीधर कवी (1658–1729) पंढरपुरात राहायचे. 1702 मध्ये ‘हरिविजय’, पुढच्याच वर्षी ‘रामविजय’, 1712 मध्ये ‘पांडवप्रताप’. चातुर्मासात या पोथ्या देवळात, कुणाच्या तरी ओसरीवर लावल्या जात. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. अक्षरओळख नसलेल्या बायका सीतेच्या वनवासाला पदर डोळ्यांना लावत. मला वाटतं, सीतेच्या नावाखाली स्वतःच्या सासरचंही थोडं रडून घेता येई. त्याबद्दल कुणी जाब विचारत नसे.

छापील कादंबरीने सीतेच्या जागी शेजारच्या वाड्यातली बाई आणली. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. यमू तीत आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते.

सोलापूर शहराच्या वाट्याला आलेलं रडणं वेगळं. 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. सोलापूरचेच कवी कुंजविहारी यांच्या ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ या कवितेत फासावर जाणारा मुलगा आईची समजूत घालतो, की पुन्हा तुझ्याच पोटी येईन. चार हुतात्म्यांच्या गावात ही कविता कोरड्या डोळ्यांनी ऐकणं अवघडच.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये जेमतेम पाच दिवसांत लिहिली. पुस्तक 1935 मध्ये आलं. बेचाळीस रात्री, आश्रमातली प्रार्थना संपल्यावर श्याम सांगतो आणि सोबती ऐकतात. म्हणजे घाट पुन्हा पोथीचाच! एका रात्रीचं नावच ‘थोर अश्रू’. पुढे ‘रडवी’ म्हणून या पुस्तकाची टिंगलही झाली. टिंगल करणाऱ्यांनी पंढरपूर विसरू नये. विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून याच माणसाने 1 मे 1947 पासून दहा दिवस तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, आणि मंदिर खुलं झालं.

त्या मंदिराबाहेर, नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यात गावकूस बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले; नामदेवांनी अस्थी ओळखल्या त्या त्यांतून येणाऱ्या विठ्ठलनामावरून, अशी परंपरा सांगते. कीर्तनात या प्रसंगाला फड हमखास हुंदके देतो. पण शतकानुशतकं हुंदके देऊनही दार काही उघडलं नव्हतं, हे मला त्या समाधीपुढे दरवेळी टोचतं.

ज्याच्यासाठी रडायचं तोच लिहायला बसला, तेव्हा चित्र पालटलं. दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन 1978 चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 चं. 1984 मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ आलं. लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकराच मासे भरले तर तो अक्करमाशी, म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेला. शिवी होती, तिचंच त्यांनी नाव केलं. भूक, बापाचं नाव विचारणारी शाळा आणि आईची परवड यांनी पानं भरली आहेत. वाचताना घसा दाटतो, पण हळहळून मोकळं व्हायची सोय लेखकाने ठेवलेली नाही. उलट, वाचणाऱ्याचं घर गावात नेमकं कुठे होतं, ते त्याला आठवत राहतं.