देब्यूसी कोणता आणि राव्हेल कोणता?

फ्रेंच पियानोसंगीत ऐकायला लागलं की ही दोन नावं जोडीनेच येतात. क्लोद देब्यूसी (१८६२–१९१८) आणि मोरिस राव्हेल (१८७५–१९३७). दोघांच्या स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) बहुतेक वेळा एकाच रेकॉर्डवर असतात, आणि दोघांवर ‘इम्प्रेशनिस्ट’ (रेखीव आकारापेक्षा क्षणाचा भास टिपणारा) हा एकच शिक्का बसलेला आहे. मग ‘क्लेर द ल्यून’ राव्हेलची आणि ‘पाव्हान’ देब्यूसीची, असं सहज बोललं जातं. खरं उलटं आहे.

माझ्या मते सगळा घोळ त्या शिक्क्याने केला. चित्रकलेतला तो शब्द संगीताला चिकटवला गेला, आणि तो देब्यूसीला स्वतःला मुळीच आवडत नसे. शिवाय हा शब्द ऐकला की आपण दोघांत सारखं काय, तेवढंच शोधत बसतो.

फरक कानाला पटवायचा तर दोघांनी पाण्यावर लिहिलेल्या रचना लागोपाठ ऐकाव्यात. राव्हेलची ‘झ्यू दो’ १९०१ची, देब्यूसीची ‘रफ्ले दां लो’ १९०५ची. राव्हेलचं पाणी कारंज्याचं आहे. सूर झरझर उडतात, तरी प्रत्येक थेंब सुटा ऐकू येतो, आणि आत जुन्या सोनाटा या वाद्यरचनेचा दोन विषयांचा, म्हणजे दोन मुख्य धुनांचा, आराखडा शाबूत आहे. देब्यूसीचं पाणी साचलेलं, त्यात काहीतरी हलतंय. एक स्वरसमूह उमटतो, त्याचा नाद विरायच्या आत दुसरा त्यावर पसरतो. वाक्य कुठे संपलं हे नेमकं दाखवता येत नाही, आणि तसंच त्याला हवं होतं.

इथे सालांकडे नीट पाहायला हवं. देब्यूसी तेरा वर्षांनी मोठा, म्हणून राव्हेल त्याची नक्कल करतो अशी टीका तेव्हाच सुरू झाली होती. १९०६ साली राव्हेलने समीक्षक पिएर लालोला पत्र लिहून सुनावलं, की ‘झ्यू दो’ प्रसिद्ध झाली तेव्हा पियानोसाठी देब्यूसीने असं काही लिहिलेलंच नव्हतं. मला राव्हेलचं म्हणणं पटतं. क्वार्टेटच्या बाबतीत मात्र ऋण उघड आहे. देब्यूसीची १८९३ची, राव्हेलची १९०३ची, आणि दोन्हींतला दुसरा भाग तारा बोटांनी छेडतच सुरू होतो.

‘हाबानेरा’ची, म्हणजे त्या नावाच्या नृत्यलयीतल्या रचनेची, गोष्ट याहून बोलकी. राव्हेलने दोन पियानोंसाठी ती १८९५ साली लिहिली. १८९८मध्ये ती वाजवली गेली तेव्हा देब्यूसीने ऐकली आणि स्वरलिपी मागून नेली. १९०३च्या त्याच्या ‘ग्रेनाडातली संध्याकाळ’ या रचनेत तीच लय आणि तसाच एकसारखा धरून ठेवलेला स्वर आला. पुढे राव्हेलने आपली हाबानेरा ‘रापसोदी एस्पान्योल’मध्ये घेतली, तेव्हा स्वरलिपीत तिच्यापाशी १८९५ हे साल मुद्दाम छापलं.

सप्तकाशी दोघांचं नातंही निराळं आहे. देब्यूसीला पूर्णस्वरी सप्तक फार प्रिय: सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. पेटीवर वाजवून पाहा. पंचमच नाही, त्यामुळे षड्जाला टेकू राहत नाही आणि सगळंच अधांतरी होतं. ‘व्वाल’ हा त्याचा प्रेल्यूड (छोटी पियानोरचना) जवळजवळ सगळा असाच आहे. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात ऐकलेलं जावाचं गामेलानही (मुख्यतः धातूच्या तालवाद्यांचा वृंद) त्याच्या मनात घर करून बसलं. त्यातून आलेल्या ‘पागोद’मध्ये तर चक्क भूपाचे पाच स्वर सापडतात. राव्हेलचे स्वरमेळही धारदार, कधी बोचरे असतात, पण त्याचा आधारस्वर सहसा हरवत नाही. ‘बोलेरो’ (१९२८) आठवा. दोन मात्राखंडांचा एकच ठेका ताशासारख्या स्नेअर ड्रमवर १६९ वेळा वाजतो, आणि शेवटच्या क्षणापर्यंत षड्ज जागचा हलत नाही. बदलत जातात ती फक्त वाद्यं. देब्यूसीने असं कधीच लिहिलं नसतं.

वाद्यांचे रंग मिसळण्यात राव्हेलचा हात धरणारे थोडेच. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या, मूळ पियानोसाठी लिहिलेल्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ला आज जगभर जे वाद्यवृंदाचं रूप ऐकू येतं, ते बहुतेक वेळा त्याचंच, १९२२चं. देब्यूसीच्या दोन पियानोरचनाही त्याने वाद्यवृंदासाठी बांधल्या.

आयुष्यंही सारखी नव्हती. देब्यूसीला १८८४ साली ‘प्री द रोम’ (विजेत्याला रोमला राहायला पाठवणारं सरकारी पारितोषिक) मिळालं, आणि रोममध्ये तो कंटाळून गेला. राव्हेल त्या स्पर्धेला पाच वेळा बसला, पहिला क्रमांक कधीच आला नाही. १९०५मध्ये तर प्राथमिक फेरीतच बाद केला, तेव्हा वर्तमानपत्रांत इतका गदारोळ झाला की पॅरिसच्या काँझर्व्हातोआर या संगीतविद्यालयाचे संचालक बदलले आणि संगीतकार गाब्रिएल फोरे आले. पुढे १९२०मध्ये राव्हेलने ‘लेजिआँ द ऑनर’ हा फ्रान्सचा मोठा किताब नाकारला. देब्यूसीने तो १९०३मध्ये घेतला होता.

ओळख पक्की करायची असेल तर शेवटी फ्रेंच कवी मालार्मेच्या कवितांवरच्या गीतांकडे जा. १९१३ साली दोघांनीही, एकमेकांना न विचारता, मालार्मेच्या तीन-तीन कवितांना चाली दिल्या, आणि त्यांतल्या दोन कविता त्याच निघाल्या: ‘सुपिर’ आणि ‘प्लासे फ्युतिल’. देब्यूसीने गायिकेसोबत नुसता पियानो ठेवला. राव्हेलने पियानोबरोबर दोन बासऱ्या, दोन क्लॅरिनेट आणि तंतुवाद्यांचा चौकडा घेतला. शब्द तेच असल्यामुळे इथे जो फरक ऐकू येईल, तो पूर्णपणे या दोघांचा.