नकाशावरचे छोटे आलेख जागा का सोडतात?

ठाणे, ऐरोली, वाशी असे करत ठाणे खाडीच्या पाण्याची क्षारता नकाशावर दाखवायची असेल, तर प्रत्येक ठिकाणी एकेक चिमुकला स्तंभालेख बसवणे ही जुनी युक्ती आहे. भरतीला किती, ओहोटीला किती, एका नजरेत कळते. प्रोग्रामला फक्त सांगायचे असते की हा आलेख 72.97 रेखांश, 19.06 अक्षांशावर, म्हणजे वाशीच्या पुलापाशी ठेव. एवढे साधे वाक्य त्याला सरळ सांगता येण्यात बराच काळ गेला.

कागदावर पेनाने रेघा ओढणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे पेन-प्लॉटरच्या काळात हिशेब इंचांत होता. 1985 च्या आंतरराष्ट्रीय ग्राफिक्स मानकाने तीन निर्देशक पद्धती वेगळ्या काढल्या: वापरणाऱ्याच्या विदेची (म्हणजे त्याच्या आकड्यांची, इथे रेखांश-अक्षांशांची), 0 ते 1 या मापातली मधली पायरी आणि प्रत्यक्ष उपकरणाची. तत्त्व तेव्हाच स्वच्छ होते.

गुंता झाला तो मॅटलॅब या गणन आणि आलेखांच्या प्रोग्राममधल्या ‘ॲक्सिस’ने. तिथे या नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक साधी अक्षरेषा. दुसरी, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असलेली ‘ॲक्सेस’, म्हणजे ज्यात वक्र काढला जातो तो अख्खा चौकोन. मराठीत दोन्हींना ‘अक्ष’ म्हणून आपण गोंधळात भरच घालतो. चौकोनाच्या ‘पोझिशन’मध्ये डावी कड, तळ, रुंदी, उंची असे चार आकडे द्यायचे, आणि ते मुळात चित्राच्या खिडकीच्या अपूर्णांकांत. विदेच्या मापाशी त्यांचा संबंध नाही. बाणांसारख्या खुणांनाही हेच माप लागले, म्हणून विदेचे माप खिडकीच्या मापात बदलणारी रूपांतराची छोटी फंक्शने हातोहात फिरू लागली.

साध्या आलेखावर ती नीट चालतात. नकाशावर मात्र दोन्ही अक्षांचे प्रमाण बांधलेले असते. खाडी उत्तर-दक्षिण लांबट, त्यामुळे प्रत्यक्ष चित्र दिलेल्या चौकोनात मधोमध आक्रसते आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा उरते. ‘पोझिशन’ मात्र पूर्ण रुंदीच सांगत राहते. त्या रुंदीवर हिशेब केला की मध्यरेषेच्या पश्चिमेचा स्तंभालेख आणखी पश्चिमेला मानखुर्दच्या दिशेने जातो, पूर्वेचा घणसोलीच्या दिशेने. कोणतीही चूक दाखवली जात नाही, चित्रही नीटनेटके दिसते. खिडकीचा अपूर्णांक हे मूळ माप ठरवणे पानावर चार आलेख शेजारी मांडणाऱ्यांच्या सोयीचे होते. नकाशावाल्यांचा विचार त्यात झाला नाही, असे माझे मत आहे.

आलेख काढणाऱ्या ग्नूप्लॉट या प्रोग्रामने लेबलांना विदेचे माप खुले ठेवले, पण एकावर एक आलेख ठेवताना आरंभबिंदू पडद्याच्या अपूर्णांकातच. मॅथेमॅटिका या गणिताच्या प्रोग्रामने 2007 मध्ये चित्रात चित्र बसवणारे ‘इनसेट’ आणताना प्रश्न सुटे केले: कुठे ठेवायचे, आतल्या आलेखाचा कोणता बिंदू तिथे टेकवायचा, आकार किती. स्तंभाचा तळ पुलावर यावा की मध्य, हे त्यामुळे थेट सांगता येते.

पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या साधनाच्या मुळाशी एका मापातून दुसऱ्या मापात नेणाऱ्या रूपांतरांची साखळी असल्याने सोय पूर्वीही होती, पण आडवळणाने. 2018 च्या 3.0 आवृत्तीत ‘इनसेट_ॲक्सेस’ थेट मुख्य आलेखाकडे आले. त्याला विदेचे रूपांतर दिले की चित्र काढताना दरवेळी जागा नव्याने मोजली जाते, झूम केले तरी आलेख वाशी सोडत नाही. इथे मात्र रुंदी-उंचीही विदेच्याच मापात जाते. झूम आउट केले की चौकोन आकसतो आणि आतले आकडे, पॉइंटमध्ये म्हणजे छपाईतल्या ठरावीक मापात मोजलेले, तेवढेच राहून एकमेकांवर चढतात. लॉग अक्षावर, जिथे प्रत्येक दहापटीला सारखीच जागा मिळते, 10 एककांची रुंदी 1 पाशी ऐसपैस, 100 पाशी चिंचोळी. खाडीवर लॉगचा त्रास नाही. पण दोन्ही बाजू 0.01 अंश दिल्या तरी या अक्षांशावर चौकोन सुमारे 1.05 किलोमीटर रुंद आणि 1.1 किलोमीटर उंच भरतो.